अडीच बाय साडेतीनचं कार्ड: ते वाकतं का, आणि बदल्यात काय मागायचं

खारघरहून एका ताईंनी विचारलंय. त्या आणि त्यांच्या सहा मैत्रिणी हातानं केलेली छोटी, अडीच बाय साडेतीन इंचांची कोलाजची कार्डं एकमेकींत बदलतात. कागद, कापड, रंग, जुनी तिकिटं, बटणं, हाताला लागेल ते. अडचणी तीन. कार्डं वाळल्यावर होडीसारखी वाकतात. सातजणींतली एक कॉम्प्युटरवरून चित्राची प्रिंट काढते, पुठ्ठ्यावर डकवते आणि सगळ्यांना तेच देते, त्यावरून कुरबूर चालू आहे. तिसरी अडचण त्यांच्याच शब्दांत: "मी तीन संध्याकाळी घालवलेल्या कार्डाच्या बदल्यात कुणाचं तरी दहा मिनिटांत उरकलेलं कार्ड येतं, तेव्हा राग येतो. आणि एकदोघींची कार्डं बघितली की माझं पर्समधून बाहेर काढायची लाज वाटते. दोन्ही एकाच दिवशी होतं."

ताई, मी चित्रकार नाही. ठाण्यात जांभळी नाक्याजवळ वडिलांचा लहानसा प्रेस होता, लग्नपत्रिका आणि बाइंडिंगचा. तो मी पुढे तीस वर्षं चालवला. कार्डांचा नाद चौदा वर्षांपूर्वी लागला, तोही कटिंगच्या मशीनखाली पडणाऱ्या सोनेरी पट्ट्या फेकवेनात म्हणून. त्यामुळे उत्तर बाइंडरचं आहे, तसंच वाचा. माझं मत आधीच सांगतो. सुंदर कार्ड आणि साधं कार्ड यांच्यातल्या फरकामुळे मोडलेला एकही गट मी पाहिलेला नाही. गट मोडतात ते वेळेवर न आलेल्या आणि चार महिन्यांत सुटून आलेल्या कार्डांमुळे.

आधी वाकण्याचं बघू, कारण त्याला इलाज आहे.

कागदाला ग्रेन असतो. कारखान्यात लगदा ज्या दिशेनं पळतो त्या दिशेला तंतू लोळतात. ओला झाला की कागद ग्रेनच्या आडव्या दिशेनं फुगतो, उभ्या दिशेनं फारसा नाही. वर्तमानपत्र वरून खाली फाडून बघा, सरळ फाटतं. आडवं फाडलं की नागमोडी जातं. तोच ग्रेन. तुम्ही एका बाजूला गोंद लावून कापड, कागद, रंग चढवता. गोंद वाळताना आकसतो आणि कार्डाला आपल्या बाजूला ओढतो. मागची बाजू कोरीच असते, ती ओढून धरायला कुणी नसतं. झाली होडी. पुस्तकाच्या पुठ्ठ्यालाही हेच होतं, म्हणून बाइंडर आतल्या बाजूनं अस्तर चिकटवतो. अस्तर शोभेला असतं असं गिऱ्हाइकाला वाटतं. ते असतं पुठ्ठा सरळ राहावा म्हणून.

तुम्हीही मागे एक कागद चिकटवा. पुढच्या थराइतक्याच जाडीचा, ग्रेन त्याच दिशेला. ग्रेन ओळखायला कागद हातात धरून दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवा. ज्या बाजूनं मुकाट्यानं वाकतो, घडीची रेघ जिकडे पडू पाहते, तिकडे ग्रेन. मग कार्ड वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर पाटा किंवा दोन जाड पुस्तकं. तासाभरानं वर्तमानपत्र बदला, ही पायरी सगळे गाळतात. ओलं वर्तमानपत्र तसंच राहिलं की ओल परत कार्डातच शिरते. रात्रभर दाबून ठेवलेलं कार्ड सहसा उठत नाही. मूळ कागद तीनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) खाली घेऊ नका. लग्नपत्रिकेचा जाड बोर्ड चालतो, पण वर लॅमिनेशनची चकाकी असेल तर गोंद धरत नाही. आधी बारीक पॉलिशपेपर फिरवून चकाकी मारून टाका.

आता गोंद. जुन्या बाइंडरांची खळ म्हणजे मैदा नाहीतर आरारूट शिजवून केलेली पेज, आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. आमच्याकडची जुनी वह्यापुस्तकं आजही शाबूत आहेत ती त्या निळ्या चिमटीमुळे. पण मोरचूद विष आहे. घरात लहान मुलं असतील तर त्या वाटेला जाऊ नका, आणि मोरचूद नसलेली खळ म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण. खाडीकाठची आपली हवा तुम्हाला माहीतच आहे. जुलैत कपाट उघडलं की चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी. म्हणून साधा पांढरा फेव्हिकॉल, थोडं पाणी घालून, सपाट ब्रशनं दोन्ही अंगांना पातळ लावायचा. एका अंगाला जाड थापला की फुगे आलेच. अ‍ॅक्रिलिकचं मॅट मिडियम, म्हणजे चकाकी नसलेला बिनरंगी लेप, परवडत असेल तर उत्तम. ते गोंदही आहे आणि वरचं आवरणही.

मॅट म्हटलं ते मुद्दाम, आणि त्यामागची फजिती माझीच आहे. सहाएक वर्षांपूर्वी एप्रिलअखेर अठरा कार्डं केली, सगळ्यांवर चकचकीत अ‍ॅक्रिलिक वार्निश. काचेसारखी दिसत होती. खुशीत एकावर एक ठेवून रबर लावलं आणि वरच्या कपाटात टाकली. जूनमध्ये काढली तेव्हा हातात अठरा कार्डं नव्हती, वीट होती. अ‍ॅक्रिलिक वाळतं म्हणजे त्यातलं पाणी उडतं. फिल्म प्लास्टिकच राहते आणि मे महिन्याच्या उकाड्यात मऊ पडते. दोन मऊ प्लास्टिकं दाबून ठेवली की एकजीव व्हायला लागतात. चकचकीत फिल्म जास्त चिकटते, मॅटमध्ये खरखरीत पूड असते म्हणून कमी. कुणीतरी सुचवलं म्हणून वीट फ्रीझरमध्ये ठेवली. गारठ्यानं अ‍ॅक्रिलिक कडक होतं, तेवढ्यात पातळ सुरीनं सोडवायचं. अकरा सुटली, सात फाटली. बायको अजून मटारची पिशवी काढताना विचारते, आज कार्डं नाहीत ना आत? तेव्हापासून प्रत्येक दोन कार्डांमध्ये बेकिंगचा कागद, आणि देण्याआधी पुढच्या बाजूवर बोटभर टाल्कम पावडर फिरवून पुसून काढणं. तुमच्या मैत्रिणींनाही हे सांगा. एकीचं कार्ड दुसरीच्या अल्बममध्ये चिकटलं की ते काढताना जी शांतता पसरते ती मी अनुभवली आहे.

साहित्यात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: थर्मल कागद. दुकानातली बिलं, एटीएमच्या पावत्या, मशीनमधून येणारी काही तिकिटं. आठवण म्हणून लोक हौसेनं लावतात आणि काही महिन्यांत छपाई उडून कोरा पांढरा तुकडा उरतो. वर इस्त्री फिरवली तर आख्खा काळा. ओळखायला नखानं जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उठली तर थर्मल. तेच तिकीट हवं असेल तर त्याची झेरॉक्स लावा. रेल्वेची जुनी पुठ्ठ्याची तिकिटं कुणाकडे निघाली तर मात्र सोनं समजा, शंभर वर्षं टिकतील अशी चीज आहे. तिकिटं चिकटवणारे आपण काही पहिले नव्हे. पहिलं महायुद्ध संपल्यावर जर्मनीत हॅनोव्हरच्या कुर्ट श्विटर्सनं ट्रामची तिकिटं, वेष्टणं, रस्त्यावरचा कागदाचा कचरा घेऊन चित्रं केली. ती आज संग्रहालयांत आहेत आणि त्यांतली तिकिटं अजून वाचता येतात.

झेरॉक्सवरून आठवलं, प्रिंट डकवणाऱ्या ताईंना एक करामत शिकवा. त्यांची सुटका होईल आणि तुमची कुरबूर थांबेल. चित्राची झेरॉक्स काढायची, घरच्या इंकजेट प्रिंटरची प्रत नको, ती पाण्यानं फुटते. झेरॉक्सच्या मशीनमधली टोनरची, म्हणजे कोरड्या पुडीच्या शाईची, हवी. कार्डावर मॅट मिडियमचा जाडसर थर, त्यावर झेरॉक्स पालथी, खेळायच्या पत्त्याच्या कडेनं हवा बाहेर काढायची आणि रात्रभर विसरून जायचं. सकाळी पाठीवर ओला स्पंज टेकवून बोटाच्या पेरानं गोल गोल घासायचं. कागदाच्या शेवयांसारख्या वळ्या निघतात आणि खालून काळं चित्र वर येतं, टोनर मिडियमला धरून बसलेला असतो. वाळलं की वर पांढुरकी साय दिसते. पुन्हा ओलं करून घासा, दोनतीनदा, मग मिडियमचा पातळ हात दिला की साय जाते. घाईनं नख लावलंत तर चित्राला भोक. आणि अक्षरं असतील तर झेरॉक्स आधी उलटी काढून घ्या. माझ्या पहिल्या कार्डावर वडिलांच्या प्रेसचं बिलबुक होतं, त्यावरचं नाव आरशात धरल्याशिवाय वाचता येत नाही. ते कार्ड आता सीवूड्सच्या एका मुलीकडे आहे आणि उलटं आहे म्हणूनच आवडलं म्हणते. ती समजूत मी मोडली नाही.

प्रिंट द्यावी की नाही यावर माझं मत तुम्हाला मिळमिळीत वाटेल. या कार्डांचा हा प्रकार जिथून आला तिथली रीत बघा. झुरिकमधल्या एम. वांची स्टिर्नेमान या कलाकारानं बाराशे कार्डं करून १९९७ मध्ये मांडली. कुणाला हवं असेल तर पैसे नकोत, स्वतःचं कार्ड करून आणा आणि बदलून न्या, एवढी अट. माप खेळाडूंच्या छापील कार्डांचं, अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६४ बाय ८९ मिलिमीटर. पुढे ही टूम कॅनडातल्या कॅल्गरीला गेली आणि तिथून पसरली. कार्ड विकायचं नाही, बदलायचं, आणि माप सोडायचं नाही, एवढं बहुतेक ठिकाणी पाळतात. एकाच चित्राच्या मोजक्या प्रतीही चालतात, पण मागे आकडा टाकायचा: ३/९ म्हणजे नऊमधली तिसरी. घेणाऱ्याला कळलं पाहिजे की हातात काय आलं. म्हणून प्रिंट करणारीनं मागे "प्रिंट, ७ प्रती" असं लिहावं. एआयकडून काढून घेतलेलं चित्र असेल तर तेही लिहावं. लिहिल्यावर कुणी घेतलं नाही तर तो बाजार तिला आपोआप कळेल, तुम्हाला बोलावं लागणार नाही.

मागची बाजू एवीतेवी भरायची असतेच. नाव, तारीख, कार्डाला दिलेलं नाव, कशापासून केलं. हे शेवटचं मी सक्तीचं करेन. माझ्याकडे नेरूळहून आलेलं एक कार्ड आहे, पुढे फक्त मेंदीच्या रंगाच्या इरकलीचा काठ आणि शाईचे तीन ठिपके. पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मागे लिहिलं होतं, "आजीच्या लुगड्याचा काठ. ठिपके तिच्या शिवणयंत्राच्या तेलाच्या डागांवरून." रात्री परत काढून बघितलं.

तर मग दहा मिनिटांच्या कार्डाचं काय? ताई, शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. तिनं श्रीखंड दिलं आणि आपण चार दिवसांनी भाजणीचं थालीपीठ ठेवलं तर कुणी तास मोजत नाही. पण वाटी फुटलेली परत केली, किंवा दोन महिने परतच केली नाही, तर जिन्यात चर्चा होते. कार्डाचंही मला तेवढंच मोजावंसं वाटतं. नीट चिकटलंय का, मापात आहे का, सांगितल्या दिवशी आलं का. तीन संध्याकाळी तुम्ही घालवल्यात त्या तुमच्या हौसेच्या. त्यांची वसुली समोरचीकडून होत नसते. जे कार्ड द्यायला जीव होत नाही ते देऊ नका, स्वतःच्या अल्बमात ठेवा. मीही ठेवतो. देण्यासाठी वेगळी करतो.

लाजेवर मात्र माझ्याकडे खरोखर तोडगा आहे. एकेक कार्ड करणं थांबवा. कोरं अडीच बाय साडेतीन समोर आलं की हात आखडतो, माझाही. ए-४चा जाड कागद घ्या आणि आख्ख्या कागदावर धुडगूस घाला. कॅलेंडरची पानं, पत्रिकेचा सोनेरी कागद, शिंप्याकडच्या चिंध्या, वर पांढऱ्या रंगाचा पातळ हात, कुठे घासून काढलेला. काही नीट दिसलं पाहिजे असा आग्रह नको. वाळू द्या. मग काळ्या पुठ्ठ्यात ६४ बाय ८९ ची खिडकी कापा आणि ती कागदावर सरकवत फिरा. सरकवता सरकवता एके ठिकाणी थांबावंसं वाटतं. काठाचा जरीचा तुकडा कोपऱ्यात आला, तारखेचा लाल आकडा अर्धा कापला गेला, मध्ये मोकळं पांढरं. तिथे पेन्सिलनं चार कोपरे मारा. खिडकीच्या मर्जीनं तीनचार निघतात. आणि सरळ रेषेत कापायचं ठरवलंत तर ए-४मध्ये नऊ बसतात. ड्रॉइंगचा फुल शीट, बावीस बाय तीस इंच, घेतलात तर साडेतीनची बाजू बावीसवर धरा, बहात्तर निघतात. उलटं धरलंत तर चौसष्ट. आठ कार्डांचा कागद नुसत्या दिशेवर वाचतो. प्रेसवाल्याला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कापलेल्या तुकड्यावर मग एकच गोष्ट जोडा. एक शिवलेली रेघ, एक शिक्का, एक बटण. बटणाबद्दल सावध: कार्ड तीन मिलिमीटरच्या आतच ठेवा, नाहीतर अल्बमच्या खिशात जात नाही. पोकेमॉनची कार्डं ठेवायला नऊ खिशांची प्लास्टिकची पानं मिळतात ती याच मापाची असतात.

पत्रिकांबद्दल एक सूचना. बहुतेक पत्रिकांवर गणपती असतो. कात्री मारण्याआधी तो अख्खा बाजूला काढून ठेवा. तुम्हाला काही वाटत नसेल, पण तुमचं कार्ड ज्या घरात जाईल तिथल्या आजींना अर्धा कापलेला गणपती खटकतो, आणि मग कार्डाऐवजी भलत्याच विषयावर बोलणं होतं. साहित्य विकत फार आणू नका. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला एकदा गेलात की दोन हजारांची खरेदी झालीच म्हणून समजा. तयार फुलं, तयार फुलपाखरं. सगळ्यांची कार्डं मग एकाच दुकानातून आल्यासारखी दिसतात. तुम्हाला ज्यांच्यापुढे लाज वाटते त्यांची कार्डं एकदा पुन्हा बघा, त्यातलं किती दुकानाचं आणि किती त्यांचं.

देण्याघेण्याची पद्धत बदला असं मी सांगेन. तुम्ही साखळी चालवता असं लिहिलंय: पहिलीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला. आम्ही अकरा जण तसंच करायचो. एकानं पाठवलं नाही की पुढच्याचे हात रिकामे, आणि त्याला कळतही नाही की उशीर आहे की विसर. तो गप्प बसतो आणि पुढच्या फेरीला येत नाही. दोन फेऱ्यांत आमचे चौघे गेले. त्यापेक्षा आधी सगळं एकीकडे गोळा, मग वाटप. सातजणींतली एक यजमान, दर फेरीला वेगळी. प्रत्येकीनं तीन कार्डं तिच्याकडे द्यायची. पाच जणींचीच आली तर पंधरा कार्डं पाच जणींत वाटायची, कुणाचं अडत नाही. जिनं दिली नाहीत तिला त्या फेरीत नाहीत, रागही नाही. सातजणींना सात सात कार्डं करायचा हट्ट धरू नका. पहिल्या महिन्यात उत्साह असतो, तिसऱ्या महिन्यात पाठदुखी असते.

पोस्टानं पाठवायची वेळ आलीच तर दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, कडा टेपनं बंद, आणि स्पीड पोस्ट. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर वेगळं मागू नका. साध्या टपालात जाड कार्डावर शिक्क्याचा दणका बसतो. पण खारघर काय, ठाणे काय, हातोहात देणंच बरं. आमच्या गटातले निम्मे ट्रान्स-हार्बर लोकलवाले. महिन्यातून एकदा ठाण्याला दहा नंबर फलाटावर पनवेल लोकलची वाट बघत बाकड्यावर पाकिटं उघडतो. एकदा शेजारी बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, पत्ते खेळताय का? त्यांना एक कार्ड दिलं. त्यांनी खिसे चाचपले, आणि बदल्यात त्या दिवसाचं परतीचं तिकीट काढून दिलं. घेतलं नाही, त्यांना घरी जायचं होतं.

पहिल्या फेरीला विषय "तिकीट" ठेवा, सगळ्यांच्या घरात निघतात. तारीख आधी ठरवा, विषय नंतर. आणि ती तारीख गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात टाकू नका, यजमान एकटीच बसून राहील.